पाइनच्या फळीतून निघालेल्या गांधिलीचं नाव

शेजारच्या वहिनींचा फोन सकाळी साडेसातला आला. "भाऊजी, आमच्या पुस्तकांच्या शेल्फातून काहीतरी निघालंय. शेपूट आहे त्याला. चावतं का हो?"

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत पाल, घूस, मधमाश्यांचं पोळं आणि कुणाच्या तरी नातवाची खरूज असे सगळे विषय माझ्याच दारात येतात. गेलो. खिडकीच्या काचेवर सात-आठ मिलिमीटरचा काळपट-तांबूस किडा वर-खाली करत होता. मिशा लांब, कंबर बारीक, आणि मागे जवळजवळ अंगाइतकीच लांब, केसासारखी शेपटी. वहिनींच्या हातात स्प्रे. तो आधी खाली ठेवायला लावला, मग किड्यावर काचेचा ग्लास उपडा घातला आणि खालून एक लग्नपत्रिका सरकवली.

शेल्फाची हकिगत अशी, की पिथमपूरच्या एका कारखान्यात परदेशी यंत्र आलं होतं, त्याची पाइनची खोकी भंगारात निघाली. वहिनींच्या यजमानांनी ती स्वस्तात आणली आणि मिस्त्रीकडून दोन वर्षांपूर्वी शेल्फ करून घेतलं. मिस्त्रीला फोन लावला तर त्याचं निदान तयार होतं, "घुन है साहब, पाइन में तो लगता ही है."

घुण होता हे खरं. पण ग्लासाखाली जी होती ती लाकूड खाणारी नव्हती. लाकूड खाणाऱ्याला खाऊन ती मोठी झाली होती.

आता 'यजमान' हा शब्द आलाच आहे तर सांगून टाकतो. ज्याच्या जिवावर दुसरा जीव पोसला जातो त्याला जीवशास्त्रात यजमान म्हणतात. हे वहिनींना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडे शब्द बरोबरच वापरतात." असो. ऊ किंवा जंत यजमानाच्या जिवावर जगतात, पण त्याला शक्यतो मरू देत नाहीत. तो मेला तर त्यांचाच आसरा जातो. या गांधिलीची अळी मात्र यजमान संपवूनच मोठी होते. इंग्रजीत अशा किड्यांना पॅरासिटॉइड असा वेगळा शब्द आहे, मराठीत आपण 'परजीवी' म्हणून भागवतो. घरात मातीचं घरटं करणारी कुंभारीण आठवा. ती अळ्या किंवा कोळी बधिर करून पोरांसाठी घरी आणते. लाकडावरची ही गांधील आणण्याच्या भानगडीत पडत नाही. ती अळीच्याच घरात अंडं नेऊन घालते.

आणि घर लाकडाच्या आत. भुंगेऱ्याची अळी फळीत किंवा सालीखाली बोगदा करत असते, वरून काही दिसत नाही. काही गांधिली वासावर जातात. झोरिडिस वंशातल्या माद्यांची रीत मला फार आवडते. त्यांच्या मिशांची टोकं खुंटीसारखी कडक असतात. त्या टोकांनी लाकडावर ठकठक करायचं आणि पायांतल्या कंपन टिपणाऱ्या इंद्रियांनी परत येणारी थरथर ऐकायची. कलिंगड घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तोच हिशेब. त्यामुळे आतली अळी गप्प बसली तरी तिची सुटका नाही.

जागा ठरली की शेपटी कामाला येते. ती अंडी घालायची नळी. आपल्याला डसणाऱ्या गांधिलीची नांगी म्हणजे याच नळीचं बदललेलं रूप, म्हणून वहिनींचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. पण लाकडात अंडी घालणाऱ्या या गांधिली माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. नळी तीन पट्ट्यांची असते, एक वरची आणि दोन खालच्या. त्या एकमेकींवरून आळीपाळीने सरकतात. म्हणजे गिरमिटासारखं गरगर फिरणं नाही, पुढे-मागे सरकत सरकत आत जाणं. काही जातींत नळीच्या टोकाच्या कवचात जस्त किंवा मँगनीज सापडलेलं आहे. केसाएवढी सुई लाकडात जाते कशी, याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

वहिनींच्या मुलाने तोवर मोबाइलवर फोटो काढून ॲपला विचारलं होतं. ॲप म्हणालं, रिस्सा. लांब शेपटीची गांधील, शिवाय पाइन म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी हेच नाव येतं, कारण रिस्सा पर्स्युअसोरिया ही या मंडळींतली नटी आहे. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, मोठी मादी शेपटी सोडूनही तीन-साडेतीन सेंटिमीटरची. तिचा नेहमीचा यजमान भुंगेरा नव्हेच. सूचिपर्णी झाडं पोखरणारी शिंगशेपटी नावाची दुसरी माशी असते, जी स्वतःच गांधिलीच्या गोत्रातली. तिच्या अळ्यांवर रिस्सा जगते. आमची पाहुणी आठ मिलिमीटरची, ठिपक्यांचा पत्ता नाही. ॲपला पाहुणीचा आकार कळत नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला असता तर निदान आपण तरी फसलो नसतो.

माझ्या मते अशा गांधिलीची ओळख गांधिलीपासून सुरूच करू नये. आधी लाकूड बघावं. कारण कोणती गांधील, हे कोणता भुंगेरा यावर अवलंबून आणि कोणता भुंगेरा, हे बरंचसं कोणतं लाकूड, ओलं की वाळकं, सालीसकट की बिनसालीचं, यावर.

इंदुरात सूचिपर्णी म्हणजे बागेतली मोरपंखी आणि जुन्या बंगल्यांच्या आवारातलं 'क्रिसमस ट्री'. चीड, देवदार इथे उगवत नाहीत, ते ट्रकमधून येतात. तेव्हा मिस्त्री पाइन म्हणाला म्हणून पाइन मानायचं नाही. फळीचं आडवं कापलेलं टोक नव्या ब्लेडने तासून भिंगाखाली धरा. सागात, आंब्यात टोकावर बारीक छिद्रं दिसतात, पाणी वाहणाऱ्या नळ्या कापल्या गेल्याची. पाइनमध्ये तशी छिद्रं नसतात. वर्षांच्या कड्या दिसतात आणि अधूनमधून राळेच्या नळीचा ठिपका. शेल्फाच्या फळ्या पाइनच होत्या.

एका फळीच्या आतल्या बाजूला अर्धा शिक्का सापडला. परदेशी मालाच्या लाकडी खोक्यांवर तो असावा लागतो, असा आंतरराष्ट्रीय नियम २००२ मध्ये ठरला. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि लाकडावर काय उपचार केला त्याची खूण. 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. खोक्यांमधून भुंगेऱ्यांनी खंड ओलांडले म्हणूनच हा नियम आला. आमच्या शिक्क्यात ओंबी होती, 'एचटी' होतं, देशाची अक्षरं मिस्त्रीच्या करवतीने खाल्लेली. शिक्का खरा मानला तर तापवताना आत जे होतं ते मेलं आणि भुंगेरा नंतर कधीतरी आला. कुठे? बंदरात, कारखान्याच्या गोदामात, भंगारवाल्याकडे की थेट रामबागेत? उपचार झालेलं लाकूड कायमचं सुरक्षित होत नाही. वाळक्या पाइनमध्ये अंडी घालणारे भुंगेरे आहेतच.

लाकडात गेलेल्या काळावरूनही अंदाज बांधता येत नाही. जिवंत झाडात एक-दोन वर्षांत मोठी होणारी अळी वाळक्या, निकस लाकडात वर्षानुवर्षं रेंगाळते. उत्तर अमेरिकेतल्या सूचिपर्णींवरचा बुप्रेस्टिस ऑरुलेंटा हा सोनेरी-हिरवा भुंगेरा घराच्या लाकडातून पन्नास वर्षांनंतर बाहेर पडल्याच्या नोंदी आहेत. घर बांधणारा गेला, घर विकलं गेलं, आणि मग हे महाशय उगवले.

आता भोकं. भुंगेरा बाहेर पडताना स्वतःच्या मापाचं भोक पाडतो. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं, म्हणजे सेरॅम्बिसिडी कुळाचं, बहुधा लंबगोल. शिंगशेपटीचं कंपासने काढल्यासारखं गोल. गांधिलीचं छोटं आणि गोल, आसपासच्या भोकांपेक्षा लहान. शेल्फात मधल्या फळीवर जेमतेम दोन मिलिमीटरचं एक ताजं गोल भोक होतं, कड पांढरीशुभ्र. शेल्फाखाली मात्र बारीक पिठासारखा भुसा साचलेला, टाल्कम पावडरच जणू.

इथे मी अडलो. असा पिठासारखा भुसा आपल्या घरांतल्या नेहमीच्या घुण्याची, लिक्टस भुंगेऱ्याची खूण. तो अंडी घालतो लाकडाच्या त्या बारीक छिद्रांत, आणि अळ्या जगतात पिष्टावर. पाइनमध्ये छिद्रंच नाहीत, म्हणून लिक्टस पाइनच्या वाटेला जात नाही. मग हे पीठ कशाचं? अर्धा तास मी फळ्या उलट्यासुलट्या करत बसलो. शेवटी वहिनींनीच विचारलं, "मागची पट्टी बघितली का? ती पाइनची नाहीये. कमी पडली म्हणून मिस्त्रीने आंब्याची लावली."

चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, की आधी सगळं बघा, मग बोला. मी शेल्फाची पाठ बघितलीच नव्हती.

म्हणजे एका शेल्फात दोन लाकडं आणि निदान एक घुण नक्की. गांधील नेमकी कुणाची? लाकडातून गांधील निघाली म्हणजे ती त्याच लाकडातल्या भुंगेऱ्यावर पोसली, असं आपण गृहीत धरतो, पण पुरावा तेवढा नसतो. प्रयोगशाळेतही ओंडका जाळीच्या पेटीत ठेवून बाहेर पडणारे किडे गोळा करतात. एका ओंडक्यात चार जातींचे भुंगेरे आणि तीन जातींच्या गांधिली असल्या तर जोड्या कोण लावणार? छापून आलेल्या यजमानांच्या याद्यांत अशा चुकीच्या सोयरिकी बऱ्याच आहेत. एकाने अंदाजाने लिहिलं, पुढच्यांनी उतरवून घेतलं.

खात्रीचा मार्ग एकच, लाकूड फोडणं. वहिनींनी मधल्या फळीचा बळी द्यायला परवानगी दिली (वरच्या फळीवर देव होते, ती नाही म्हणाल्या). गोल भोकाच्या रेषेत छिन्नीने ढलपी काढली. आत चपटा लंबगोल बोगदा, जाडसर भुश्याने ठासून भरलेला. त्याच्या टोकाशी कागदासारखा पातळ, तपकिरी कोष, एका बाजूने कुरतडून उघडलेला. कोषाला चिकटून अळीची चुरगळलेली कातडी आणि तपकिरी, कडक जबडे. गांधिलीची अळी मऊ तेवढं खाते, जबडे टाकून देते. आपण मक्याचं कणीस खाऊन बुरकुंडा टाकतो तसे. ती कातडी आणि जबडे म्हणजे यजमानाचं ओळखपत्रच. बोगद्याचा आकार आणि जबडे पाहून ती लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी, एवढं मला सांगता आलं. आंब्याच्या पट्टीतला लिक्टस वेगळा, त्याचा या प्रकरणाशी संबंध नव्हता.

तोवर पाहुणी वहिनींच्या फ्रीजरमध्ये गेली होती. कीटक न मोडता मारायची घरगुती रीत हीच, डबीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये. डबीवर चिठ्ठी मात्र लावा. आमची डबी श्रीखंडाच्या डब्याला टेकून होती आणि त्यावरून संध्याकाळी त्यांच्या घरात काय बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पंख. या गांधिलींची दोन मोठी कुळं आहेत, इक्न्युमोनिडी आणि ब्रॅकोनिडी. पहिल्यात नाव मिळालेल्या जाती सुमारे २५,०००, दुसऱ्यात २०,००० च्या आसपास, आणि नाव न मिळालेल्या किती हे विचारू नये. दोन्हीकडे बारीक कंबर, लांब मिशा, लांब शेपट्या. फरक पुढच्या पंखाच्या शिरांमध्ये. पंख पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाने बघा. बाहेरच्या अर्ध्या भागात मागच्या कडेच्या बाजूला आडव्या शिरा उतरतात. दोन असल्या तर बहुतेक इक्न्युमोनिड, एकच असली तर बहुतेक ब्रॅकोनिड. 'बहुतेक' मुद्दाम लिहिलं, नियम मोडणाऱ्या थोड्या जाती दोन्हीकडे आहेत. म्हणून दुसरी खूण ताडून बघायची. ब्रॅकोनिडच्या पोटाचा दुसरा आणि तिसरा खंड वरून एकमेकांत जुळलेला असतो, तिथे वाकत नाही. आमच्या पाहुणीत आडवी शीर एक, खंड जुळलेले. ब्रॅकोनिड.

पुढे तोंड. समोरून पाहिलं तर जबड्यांच्या वर एक गोल खळगा दिसतो का? दिसला, तर कुळातल्या अर्ध्याअधिक शाखा एका फटक्यात बाद. मग पुढच्या पायाची नडगी, तिच्यावर आखूड जाड काट्यांची ओळ. मग डोक्याची मागची कड, धारदार की गुळगुळीत. खळगा होता, काटे होते, कड धारदार होती. हे सगळं जुळून येतं ते डोरिक्टिनी या उपकुळात, आणि लाकडातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या हेच या उपकुळाचं मुख्य खाद्य. लाकडाने जे सांगितलं होतं तेच अंगानेही सांगितलं. इथे मला बरं वाटलं.

आणि इथेच मी थांबलो.

वहिनी जरा हिरमुसल्या. "एवढं करून नाव नाहीच?" मुलाने इंटरनेटवरून युरोपातल्या जातींची किल्ली काढून दिली. किल्ली म्हणजे दोन-दोन प्रश्नांची माळ. पोट तांबडं असेल तर चारवर जा, काळं असेल तर नऊवर. अडचण अशी, की किल्ली कधीच 'तुमचा किडा माझ्यात नाही' असं म्हणत नाही. युरोपची किल्ली घेतलीत तर शेवटी युरोपचंच कुठलंतरी नाव हातात पडणार, मग किडा हिमालयातला असो की न्यूझीलंडचा.

अशा घाईची किंमत कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहराला माहीत आहे. तिथे बंदराला लागून पॉइंट प्लेझंट पार्क आहे. १९९० मध्ये त्या बागेत लांब मिशांचे काही भुंगेरे सापडले. टेट्रोपियम वंशातला त्यांचाच गावठी भुंगेरा, सिन्नामॉप्टेरम, म्हणून ते ठेवून दिले गेले. लाल स्प्रूसची झाडं वाळू लागली, आणि १९९९ मध्ये कळलं की हा युरोपातला टेट्रोपियम फस्कम. दोघे दिसायला भाऊभाऊ. मधली नऊ वर्षं त्याला मोकळं रान मिळालं. गंमत पुढेच आहे. त्या परदेशी भुंगेऱ्याच्या अळ्यांमध्ये तिथल्याच दोन गांधिली वाढताना सापडल्या, इक्न्युमोनिडीतली रिम्फॉक्टोना मॅक्रोसेफाला आणि ब्रॅकोनिडीतली रॉटोनिया ऑक्सिडेंटॅलिस. पिढ्यानुपिढ्या गावठी टेट्रोपियमवर जगणाऱ्या त्या दोघींनी पाहुण्यालाही आपलं मानलं होतं.

यातल्या रॉटोनिया नावाला आपल्याकडचा धागा आहे. रॉटन हे मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातले अधिकारी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मंडळींपैकी, मुंग्या-गांधिली गोळा करण्याचा नाद असलेले. पीटर कॅमेरॉन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वंशाला त्यांचं नाव दिलं.

मग डीएनए? जरूर. २००३ पासून बारकोडची पद्धत रूढ झाली, एका जनुकाची साधारण ६५८ अक्षरं वाचायची आणि साठ्याशी ताडायची. जिवापासून वेगळ्या झालेल्या एका पायावर काम भागतं, यजमानाच्या वाळक्या कातडीतूनही कधीकधी भुंगेऱ्याचा डीएनए मिळतो. पण साठ्यात ती जात आधी कुणीतरी नीट ओळखून जमा केलेली हवी. नसेल तर यंत्र 'जवळची अमुक' एवढंच सांगतं. जातीचं नाव अखेर ठरतं ते ज्या मूळ नमुन्यावरून ते नाव दिलं गेलं त्याच्याशी पडताळून, आणि ते काम डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी, जिथे जंगलातल्या कीटकांचा शंभर वर्षांचा संग्रह आहे, तिथे बसलेल्या माणसाचं. रामबागेत भिंग घेऊन बसलेल्याचं नव्हे.

त्या माणसाकडे काय पाठवायचं, ते आपल्या हातात. गांधील तीव्र इथेनॉलमध्ये. सॅनिटायझर चालत नाही, त्यातला चिकट पदार्थ सगळ्या केसांवर बसतो. वेगळ्या कुपीत कोष, कातडी, जबडे. भोक आणि बोगदा असलेली ढलपी तशीच. लाकडाचा एक तुकडा, टोक तासलेला. अर्ध्या शिक्क्याचा फोटो. आणि पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत, कारण बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते.

चिठ्ठी मी लिहायला घेतली. इंदूर, रामबाग, घरातलं शेल्फ. तारीख. पाइनच्या फळीतून, आंब्याच्या पट्टीतून नव्हे. यजमान : सेरॅम्बिसिडी, अळीचे अवशेष सोबत. डोरिक्टिनी, मादी. शेवटच्या ओळीत गोळा करणाऱ्याचं नाव असतं. तिथे सवयीने माझं लिहू लागलो तर वहिनींनी पेन्सिल काढून घेतली.

"पहिल्यांदा कुणी पाहिली? पट्टी कुणी दाखवली?"

खोडलं, आणि त्यांचं लिहिलं.